शेवटचं इंजेक्शन कुठलं मारलं होतं?

बेळगावात सध्या भटक्या कुत्र्यांवरनं जेवढी भांडणं चाललीत तेवढी सीमाप्रश्नावरनं पण होत नसतील. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गट म्हणतोय कुत्री उचला, दुसरा म्हणतोय मुक्या जीवाला हात लावून तर दाखवा, तिसरा नुसता महापालिकेच्या नावानं शिमगा करतोय, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीतल्या कुत्र्यांबद्दल आधी एक आदेश दिला आणि दहा-बारा दिवसांत तो बदलला तेव्हापासनं तर जो तो वकीलच झालाय. मी हे सगळं वाचत असतो आणि मला वाटत राहतं की ह्या भांडणातली एक पार्टी हजरच नाही. ती पार्टी म्हणजे गिधाड.

हसू नका, विषय सरळ आहे. जनावर मेलं की ते कुणीतरी संपवायला पाहिजे. आमच्या भागात ते काम गिधाडं करायची, आणि इतकं झटपट की सकाळी गावाबाहेर ओढून टाकलेल्या म्हशीची संध्याकाळपर्यंत नुसती हाडं उरायची. खानापूरकडच्या साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो हातातलं काम टाकून सांगायला बसेल. आधी एक वर घिरट्या घालतंय, ते खाली वळलं की लांबचं दुसरं त्याला बघून वळतंय, दुसऱ्याला बघून तिसरं, मग आभाळातनं एकामागनं एक उतरायला लागतात. उतरल्यावर चालत येत नाहीत, पंख अर्धे उघडे ठेवून तिरकी तिरकी उड्या मारत येतात आणि एकमेकांच्या अंगावर जातात. म्हशीचं कातडं जाड, ते लगेच फाटत नाही, म्हणून सुरुवात डोळ्यांपासनं, जिभेपासनं आणि मागच्या बाजूनं. एकदा भोक पडलं की अख्खी मान आत. आणि खाऊन झालं की एवढं जड होतंय की माणूस जवळ गेला तरी उडायची पंचाईत, नुसतं फडफड करत बाजूला सरकतंय. "पोरं काठी घेऊन मागं लागायची ओ, तरी उठत नव्हती," असं एका म्हाताऱ्या मामांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांच्या तोंडावर किळस कमी आणि कौतुकच जास्त होतं.

आता तीच म्हस मेली तर काय होतंय? खड्डा काढायला जेसीबी मिळाला तर पुरतात. नाही मिळाला तर रात्रीत ट्रॅक्टरला बांधून ओढ्याला, नाहीतर रस्त्याकडेच्या घळीत. मग पुढं आठवडाभर ती कुणाची? कुत्र्यांची. कुत्रं गिधाडासारखं साफ खात नाही, अर्धं खातंय, अर्धं पसरतंय, आणि तिथंच पिल्लं घालतंय. १९९२ ते २००३ ह्या काळात, म्हणजे नेमकी गिधाडं मरत होती तेव्हा, देशातली कुत्र्यांची संख्या ५५ लाखांनी वाढल्याचा हिशोब अभ्यासकांनी पशुगणनेवरनं मांडलेला आहे. सगळी वाढ गिधाडांमुळंच असं मी म्हणत नाही, शहरातला कचरा, हॉटेलांची घाण, चिकनच्या दुकानांमागचा ढीग हे पण आहेच. पण खाणारं एक तोंड गेलं आणि दुसरं वाढलं ह्यात न समजण्यासारखं काय आहे?

आणि हे नुसतं कुत्र्यांवर थांबत नाही. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०२४ साली आला. त्यांनी काय केलं, तर जिथं पूर्वी गिधाडांचा वावर भरपूर होता असे जिल्हे आणि जिथं तो मुळातच कमी होता असे जिल्हे वेगळे केले आणि दोन्हीकडचे माणसांच्या मृत्यूचे आकडे आधीचे आणि नंतरचे ताडून बघितले. गिधाडं जाईपर्यंत दोन्हीकडची रेघ साधारण बरोबरीनं चालली होती. गिधाडं गेल्यावर पहिल्या जिल्ह्यांत मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या वर वाढलं, दुसऱ्यांत वाढलं नाही. २००० ते २००५ ह्या काळात मिळून सुमारे पाच लाख जादा माणसं मेली असा त्यांचा अंदाज आहे, कारणं म्हणजे रेबीज, दूषित पाणी, कुजक्या सांगाड्यांवरनं पसरलेले आजार. पाच लाख. बेळगाव शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखाच्या आसपासच होती, एवढं सांगून पुढं जातो.

तर गिधाडं गेली कशानं. गावात ह्याची उत्तरं शंभर मिळतात, मोबाईल टॉवर, युरिया, "दिवसच तसे आलेत", एकजण तर मला म्हणाला अमेरिकेनं नेली. खरं उत्तर आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यात आहे, डायक्लोफिनॅक. तुमची-आमची कंबर धरली की जी गोळी घेतो, जे इंजेक्शन मारून घेतो, तेच. नव्वदच्या दशकात ते स्वस्तात तयार व्हायला लागलं आणि माणसांवरनं गुरांवर आलं. ताप, लंगडणं, कास सुजली, बाळंत होताना त्रास झाला, कशालाही डायक्लो. गुराला ते चांगलंच लागू पडतंय, तक्रार तिथं नाहीच. पण असलं इंजेक्शन घेतलेलं गुरू एक-दोन दिवसांत मेलं आणि त्याचं मांस गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी बंद पडते, अंगातलं युरिक ॲसिड बाहेर पडत नाही, काळजावर, लिव्हरवर खडूसारखा पांढरा थर साचतो आणि काही दिवसांत खेळ खलास. ज्या पक्ष्याच्या पोटातलं ॲसिड कुजक्या मांसातले भले भले जंतू मारून टाकतंय तो पक्षी माणसाच्या कंबरदुखीच्या औषधानं मरतो.

ही गोष्ट शोधून काढली ती २००४ साली, लिंडसे ओक्स आणि त्यांच्या टीमनं, पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेल्या गिधाडांवर काम करून. तोपर्यंत लोक व्हायरस शोधत बसले होते. आता गंमत बघा, २००४ सालीच महाराष्ट्रानं सीमाप्रश्नावर सुप्रीम कोर्टात दावा घातला. दोन्ही गोष्टींना वीस वर्षं होऊन गेली. दावा कोर्टात पडूनच आहे, त्यावर मोर्चे निघतात, काळा दिन पाळतात, एसटीला काळं फासतात, बसच्या काचा फुटतात. आणि गिधाडाचं? पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ मध्ये ९९.९ टक्के कमी झाली, म्हणजे हजारातलं एक राहिलं, लांब चोचीची साधारण ९७ टक्के कमी झाली, ह्यावर आमच्या भागात साधं निवेदन कुणी दिलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही. दोन्ही बाजूंनी ज्या जमिनीवर एवढा हक्क सांगितला जातो त्या जमिनीवर मेलेलं जनावर कोण उचलणार हे मात्र कुणीच सांगत नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर गिधाड जंगलात वाचणार नाही, गोठ्यात वाचणार आहे. आपल्याकडं वन्यजीव म्हटलं की लगेच अभयारण्य, कुंपण, बोर्ड, सफारी. कर्नाटक सरकारनं २०१२ साली रामनगरजवळ रामदेवरबेट्टला गिधाडांसाठी खास अभयारण्य केलं, चांगली गोष्ट, पण ते जेमतेम ३४६ हेक्टर. गिधाड खायला शोधत एका दिवसात शंभर-दीडशे किलोमीटर सहज फिरतंय, ते कड्यावर राहणार अभयारण्यात आणि जेवायला जाणार तुमच्या-आमच्या गावात. महाराष्ट्रात २०२४ च्या सुरुवातीला पेंच आणि ताडोबात पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं आणली, अंगावर ट्रान्समीटर लावून सोडली, आणि त्यातलं एक फिरत फिरत पार तामिळनाडूत पोचलं. त्याला कुठल्या राज्याची हद्द कुठं लागते ते काय माहीत? कुठल्या तालुक्यातल्या मेलेल्या गाईत काय आहे हे तर त्याहून माहीत नाही.

आणि इथं एक हिशोब आहे तो नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथंच आहे. गिधाडं एवढी मरायला सगळ्या मेलेल्या गुरांत विष असायची गरज नव्हती. शास्त्रज्ञांनी गणित करून दाखवलं की मेलेल्या जनावरांपैकी शेकडा एकाहून कमी जनावरांत मरण्याइतकं डायक्लोफिनॅक असलं तरी एवढा विनाश होतो. कारण गिधाडं थव्यानं जेवतात, एका म्हशीवर पन्नास बसली की पन्नास गेली. आणि गिधाड जन्माला यायला किती वेळ लागतो बघा, वर्षाला एकच अंडं, आई-बाप दोघं आळीपाळीनं पावणेदोन महिने बसतात, पिल्लू पुढं तीन-चार महिने घरट्यातच, आणि ते स्वतः अंडं घालण्याजोगं व्हायला पाचेक वर्षं. म्हणजे एका दुपारी पन्नास जाणार आणि भरून यायला एक पिढी.

दुसरी गोष्ट, बरं झालेल्या गाईला दिलेलं औषध गिधाडाला काहीच करत नाही. आठवड्याभरात ते गाईच्या अंगातनं निघून जातंय. धोका फक्त त्या इंजेक्शनाचा जे मारल्यावर गाय वाचली नाही. म्हणून मी म्हणतो, प्रश्न औषधांचा नाही, शेवटच्या इंजेक्शनाचा आहे. आणि शेवटचं इंजेक्शन कोण मारतंय?

माझ्या मावसभावाकडची गाय मागं एका रात्री आडवी झाली. कास दगडासारखी, अंगात ताप, श्वास जोरात. सरकारी दवाखाना बंद, डॉक्टरांचा फोन लागेना, मग नेहमीच्या एका माणसाला बोलावलं, गाडीच्या डिकीत पिशवी घेऊन फिरणाऱ्या. तो डॉक्टर नाही, कधीकाळी कुणाच्या तरी हाताखाली शिकलेला आहे, पण रात्री दोनला येतोय हे महत्त्वाचं. त्यानं मोबाईलच्या बॅटरीत पिशवीतनं एकामागनं एक इंजेक्शनं काढली, मानेत मारली, पैसे घेतले. भाऊ म्हणाला, "काय मारूलालायस रे?" तो म्हणाला, "दुखणं थांबायचं हाय, झोपंल बघा आता." एका बाटलीचं लेबल निम्मं निघालेलं. गाय पहाटे मेली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन विचारलं तर त्यांना काही माहीत नाही, त्या माणसाला विचारलं तर "नेहमीचंच" म्हणाला. नेहमीचं म्हणजे काय? मेलोक्सिकॅम, म्हणजे डायक्लोसारखंच दुखण्या-तापावरचं दुसरं औषध, असेल तर गिधाडाला काही होत नाही. दुसरं काही असेल तर ती गाय म्हणजे पेरलेला सुरुंग. कुठलीच चिठ्ठी नाही, कुठलीच नोंद नाही, आणि मी त्या माणसाला शिव्या पण घालणार नाही, कारण तो नसता तर गावातली निम्मी गुरं रात्रीत अशीच गेली असती.

कायदा नाही असं नाही. कायदे एकावर एक आहेत. २००६ साली गुरांसाठी डायक्लोफिनॅक बनवणं बंद करायला सांगितलं, २००८ ला त्याची अधिसूचना आली. मग काय झालं, तर माणसांच्या नावाखाली ३० मिलीच्या मोठ्या बाटल्या दुकानात येत राहिल्या. माणसाला एका वेळी लागतंय ३ मिली, गाईला लागतंय साधारण पंधरा, मग ३० मिलीची बाटली कुणासाठी हे सांगायला ज्योतिषी नको. २०१५ साली माणसांचं इंजेक्शन ३ मिलीच्या एका डोसातच विकायचं असा नियम झाला, त्यावर औषध कंपन्या कोर्टात गेल्या, मद्रास हायकोर्टानं २०१७ ला नियम कायम ठेवला. तोपर्यंत लोकांनी दुसरी औषधं धरली होती, ॲसिक्लोफिनॅक, जे गाईच्या पोटात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतंय, आणि किटोप्रोफेन. ही दोन्ही २०२३ ला गुरांसाठी बंद. मग निमेसुलाइड, ते २०२४ संपता संपता बंद. म्हणजे एक दार लावायचं, माणसं खिडकीतनं येणार, मग खिडकी लावायची. दर वेळी मधे पाच-दहा वर्षं जातात आणि गिधाडाकडं एवढी वर्षं शिल्लक नाहीत.

तरी दिल्लीत बंदी आली म्हणजे बंदी झाली असं समजणारे लोक आमच्या भागात राहत नसावेत. बंदी केंद्राची, पण दुकानात जाऊन बाटली बघायची ती राज्याच्या इन्स्पेक्टरनं. बेळगावचं दुकान कर्नाटकाच्या खात्याकडं, शिनोळी-चंदगडचं महाराष्ट्राच्या एफडीएकडं, आणि गाय दोन्हीकडचीच औषधं खातेय. आमच्याकडं लोक भाव बघून इकडनं तिकडं जातात, पेट्रोल इकडं स्वस्त असेल तर इकडं, खत तिकडं मिळालं तर तिकडं, दूध तर रोज हद्द ओलांडतंय. कोगनोळी नाक्यावर नेत्यांच्या गाड्या अडवायला शंभर पोलीस उभे राहतात, पण डिकीतली पिशवी कुठल्या राज्याची हे विचारायला कोण आहे? एका बाजूनं कडक तपासणी केली आणि दुसऱ्या बाजूनं केली नाही तर कडक केलेली पण वायाच गेली.

बेळगाव मध्य धरून शंभर किलोमीटरचा एक गोल काढा. हा आकडा मी मनानं घेतलेला नाही, गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र म्हणून देशात जी कल्पना चालते त्यात शंभर किलोमीटरची त्रिज्याच धरतात, कारण गिधाडाची जेवायची धाव तेवढी. त्या गोलात खानापूर, गोकाक, धारवाड, हुबळी, दांडेली येतात, चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कागल येतात, सावंतवाडी येते आणि पणजी पण येते. तीन राज्यं. त्यात भीमगडचे आणि चोर्ल्याच्या बाजूचे कडे आहेत, गोकाकचे खडक आहेत, लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीतच घरटं करतंय. खाली गुरांची कमी नाही. उत्तर कर्नाटकात पांढरं गिधाड, ते लहान, पिवळ्या तोंडाचं, अजून अधूनमधून दिसतंय, म्हणजे जागा अजून मेलेली नाही. जेवण विषारी नाही याची खात्री कुणी देत नाही एवढंच.

इथं कुणीतरी म्हणणार की पशुवैद्यकीय खातं तर सांगतंय मेलेलं जनावर खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. बरोबर आहे. २०२२ ला लंपी आला तेव्हा आमच्या जिल्ह्यात गुरं मेली आणि ती पुरायलाच पाहिजे होती. नाका-तोंडातनं काळं रक्त आलेलं जनावर, म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय, ते तर उघडायचं पण नाही, ओढायचं पण नाही. त्यात माझं काही दुमत नाही. पण साप चावून मेलेली गाय, वीज पडून मेलेली, पोट फुगून, म्हातारपणानं मेलेली, ती पुरायची काय गरज? आणि खरं सांगा, पुरतंय कोण? वाटणी होऊन होऊन हातात आलेल्या दीड एकरात ऊस लावलेला माणूस दहा फुटी खड्डा कुठं काढणार? पावसाळ्यात खानापूरच्या मातीत जेसीबी उतरतोय काय? खातं म्हणतंय पुरा, पंचायत म्हणते आमच्याकडं जागा नाही, माणूस रात्रीत ओढ्याला टाकून मोकळा होतो.

त्यात आता आणखी एक भर आहे. महाराष्ट्राचा २०१५ चा आणि कर्नाटकाचा २०२० चा गोहत्याबंदीचा कायदा आल्यावर गाय-बैल कत्तलीला विकून मोकळं होता येत नाही. कायदा बरोबर की चूक ह्यावर तुम्ही पाहिजे तेवढं भांडा, मी इथं त्यात पडत नाही. पण दोन्हीकडच्या सरकारनं गाय म्हातारी होऊन मरणार हे नक्की केलंय, तर मेल्यावर तिचं काय करायचं हे पण त्याच सरकारनं सांगायला नको काय? जर्सीचे गोऱ्हे रस्त्यावर सोडलेले दिसतात, हायवेला ट्रकखाली येतात, तिथंच कुजतात. भाषणं सगळी जिवंत गाईवर असतात.

आता एक अवघड गोष्ट, जी पक्षीमित्र लोक बोलायचं टाळतात. पूर्वी गावाबाहेर ढोर पोचत होतं ते आपोआप पोचत नव्हतं. ते ओढायचं काम एका जातीच्या डोक्यावर लादलेलं होतं, कातडं सोलायचं दुसऱ्या, आणि त्याबद्दल मिळायचा तो अपमान. डॉ. आंबेडकर १९२५ साली निपाणीच्या परिषदेला आले होते, १९२७ ला महाडला मेलेली ढोरं ओढू नका म्हणून सांगितलं, आणि लोकांनी ते काम टाकलं ते फार बरं केलं. त्यामुळं "पूर्वी कसं सगळं व्यवस्थित होतं, गिधाडं होती, गाव स्वच्छ होतं" असे उसासे जे टाकतात त्यांना मी विचारतो, तुमच्या घरातलं कोण ओढत होतं ओ ढोर? गिधाडं परत आणायची म्हणजे ती व्यवस्था परत आणायची नाही. पंचायतीची ट्रॉली, तिला दोरखंड ओढायचं यंत्र, हातमोजे, बूट, आणि त्या कामाला नीट पगार, मग ते कुठल्याही जातीचा माणूस करेल, जसं जेसीबी कुठल्याही जातीचा माणूस चालवतोय. हा खर्च मांडल्याशिवाय गिधाडांवर कुणी भाषण केलं तर मला ते अर्धवटच वाटतं.

जागा पण पाहिजे. प्रत्येक गावात नको, चार-पाच पंचायती मिळून एक, गायरानात, वस्तीपासनं आणि पाण्यापासनं लांब, तारेचं उंच कुंपण घातलेली म्हणजे कुत्री आत जाणार नाहीत आणि वरनं येणाऱ्याला वाट मोकळी. असलं काही नवीन नाही, नाशिककडं, गडचिरोलीत असले प्रयोग झालेत, तिथं त्याला गिधाड रेस्टॉरंट म्हणतात, नाव ऐकून लोक हसतात. पण जागा केली आणि औषध तपासलं नाही तर आपणच गिधाडांना पत्रिका देऊन विष वाढल्यासारखं होईल. म्हणून माझी पहिली मागणी जागेची नाही, चिठ्ठीची आहे.

गुरांच्या कानात आता १२ आकडी नंबरचा पिवळा बिल्ला असतोय. विम्याचा क्लेम करायचा तर मेलेल्या जनावराचा पोस्टमार्टेम रिपोर्ट आणि हा बिल्ला दाखवावाच लागतोय, कागद आधीच तयार आहे. त्या कागदावर एक रकाना वाढवा, शेवटच्या पंधरा दिवसांत कुठलं औषध दिलं. विमा नसलेल्या जनावरालाही पंचायतीनं उचलताना हीच चिठ्ठी. औषध सुरक्षित असेल आणि रोग लागण्यासारखा नसेल तर कुंपणात, नसेल तर खड्ड्यात, आणि "माहीत नाही" असेल तरी खड्ड्यातच. रात्री पिशवी घेऊन फिरणाऱ्यांना पकडून काही होणार नाही, त्यांना बोलवा, एक दिवस बसवा, आणि सरकारी दवाखान्यातनं मेलोक्सिकॅमच्या बाटल्या कमी दरात द्या. महाग आहे म्हणून आता कुणाला सांगता येणार नाही, मेलोक्सिकॅम कुठल्याही दुकानात मिळतंय. डायक्लो जोरात लागू पडतंय असं बरेचजण म्हणतात, आणि गाय उठून उभी राहिली की मालक खूश होतो हे खरं, पण टॉल्फेनामिक ॲसिड म्हणून आणखी एक औषध गिधाडांना चालतंय असं सिद्ध झालंय, म्हणजे पर्याय एकच नाही.

आणि बोर्ड लावा. कुठली औषधं बंद, कुठली चालतात, दवाखान्याच्या भिंतीवर, मेडिकलच्या काउंटरवर, दूध डेअरीत जिथं सकाळ-संध्याकाळ प्रत्येक मालक कॅन घेऊन रांगेत उभा असतो. कर्नाटकात बोर्डावर साठ टक्के कन्नड पाहिजे तर साठ टक्के लिहा, उरलेल्या चाळीसात मराठीत लिहा, औषधांची नावं दोन्ही भाषांत तीच आहेत, भांडायला जागाच नाही.

जंगलाकडच्या गवळ्यांचं थोडं वेगळं आहे. भीमगड अभयारण्य आणि पलीकडचं काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान, तिथं म्हशी चरतात आणि बिबट्या, वाघ कधीमधी मारतात. तिथली मारलेली म्हस इंजेक्शन न घेतलेली, गिधाडाला सगळ्यात सुरक्षित जेवण तेच. पण भरपाईचे हेलपाटे एवढे की माणसाचं डोकं फिरतं आणि कुणीतरी मढ्यावर कीटकनाशक ओततंय, बिबट्यासाठी, आणि मरतात खाणारे सगळेच. भरपाई वेळेत मिळाली तर ती म्हस जागेवर पडून राहील. वनखात्याला ह्यापेक्षा स्वस्त गिधाड संवर्धन दुसरं मिळणार नाही, पिंजऱ्यात एक पिल्लू वाढवायला काय खर्च येतो ते त्यांना विचारा.

"पण इथं गिधाडं आहेतच किती, कुणासाठी एवढं?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. मी उलटं विचारतो, नसतील तरी ह्यातलं कुठलं काम तुम्हाला नको आहे? ओढ्यात कुजकी म्हस नको, कुत्र्यांना आयतं खाणं नको, रात्रीच्या पिशवीत काय आहे ते कळावं, म्हातारी गाय मेल्यावर मालकाला चोरासारखं ट्रॅक्टर काढायला लागू नये. हे सगळं गिधाड आलं नाही तरी आपल्या उपयोगाचं आहे. आलं तर कुंपणातला खर्च ते स्वतःच कमी करेल.

सुवर्ण विधानसौधात डिसेंबरात अधिवेशन भरतं, तेव्हा बेळगावात हॉटेलला खोली मिळत नाही आणि रोज कुणाचा ना कुणाचा मोर्चा असतो. ऊसदराचा असतो, आरक्षणाचा असतो, आपला तर असतोच असतो. ह्या वेळी पशुसंगोपन मंत्र्यांना तो एका रकान्याचा कागद द्यायचा, आणि त्याचीच झेरॉक्स चंदगड-गडहिंग्लजच्या लोकांनी मुंबईला न्यायची. आमदार कुठल्या पक्षाचा, कुठल्या भाषेचा हे बघत बसायचं नाही. गुरं पाळणाऱ्या दोन-चार डेअरी सोसायट्यांच्या सह्या मिळाल्या तर बाकीचं काम सोपं, कारण आमच्याकडं आमदार पक्षीमित्राला भेटायचा वेळ देत नाही, पण डेअरीच्या चेअरमनला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.